मास्टर आली!

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त पुन्हा 'डॉक्टर हू'. घरच्यांनो, हसू नका! (आईचं सुरू झालंच, "अजून त्या निळ्या खोक्याचंच चाललंय का तुझं?")

नवख्यांसाठी थोडक्यात सांगतो. डॉक्टर परग्रहावरचा, मरायची वेळ आली की नवं शरीर घेणारा. त्याचा जुना दोस्त आणि आता कट्टर वैरी म्हणजे मास्टर, तोही त्याच जातकुळीचा. होम्सला जसा मोरियार्टी, तसा हा. १९७१ साली रॉजर डेलगाडोने तो पहिल्यांदा साकारला आणि त्यानंतर मालिकेत तो कायम पुरुषच राहिला. २०१४ मध्ये मात्र मिसी नावाची एक बाई अधूनमधून दिसायला लागली आणि १ नोव्हेंबरच्या भागात कळलं, की हीच मास्टर!

चाहत्यांमध्ये कुरकुर झाली. मी केली नाही. मिशेल गोमेझ काय भन्नाट काम करते! एकच खटकलं. खलनायकाची बाई झाली, तर लगेच डॉक्टरचं चुंबन काय घेते, त्याला बॉयफ्रेंड काय म्हणते... इतकी वर्षं वैर बिनचुंबनाचं चाललं होतंच की. पण २०१७ मध्ये त्याच मिसीने रडवलं. ती डॉक्टरच्या बाजूने उभी राहायला निघते आणि तिला मारतो कोण, तर तिचाच आधीचा पुरुष अवतार. डॉक्टरला ते कधी कळतही नाही.

त्याच वर्षी १६ जुलैला जाहीर झालं, की पुढची डॉक्टर जोडी व्हिटेकर. आणि मी, मिसीचा एवढा भक्त, चक्क चिडलो! "कशाला उगाच बदलायचं?"

भाची शांतपणे म्हणाली, "मामा, मिसी चालली ना तुला?"

उत्तर सुचेना. मालिकेच्या नियमात बसत नाही म्हणावं, तर तो नियम मिसीनेच तीन वर्षं डोळ्यांदेखत मोडून दाखवला होता. खरं कारण जरा लाजिरवाणं आहे. लहानपणी मला मास्टर कधीच व्हायचं नव्हतं, त्यामुळे तो कुणीही झाला तरी माझं काय जात होतं? डॉक्टर मात्र मीच होतो ना! म्हणजे बदलाची रंगीत तालीम खलनायकावर चालते, नायकाला हात लावला की आमचं बालपण धोक्यात. माझ्यासारखे पुष्कळ होते, एवढाच काय तो दिलासा.

बरं, कुणाचं काही हिरावलं गेलं का? २०२० मध्ये साशा धवन आला आणि मास्टर पुन्हा पुरुष झाला. मिसी काही पुसली गेली नाही.

इंग्रजीत 'द डॉक्टर' म्हटलं की निदान नावापुरतं भागतं. मराठीत मात्र 'आला' की 'आली', ते सांगावंच लागतं. मी तेही कारण भाचीपुढे करून पाहिलं, "डॉक्टर आली, हे कानाला कसं वाटतं गं?"

"आपल्या दवाखान्यात तू 'डॉक्टर आल्या का?' असंच विचारतोस की रे मामा."