शंभर टक्के प्रशिक्षित

‘कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण १०० टक्के पूर्ण’ असे प्रमाणपत्र काही वर्षांपूर्वी मी स्वतः सही करून वर पाठवले होते. आमच्या कार्यालयात ई-ऑफिस आले त्या पंधरवड्यातली ही गोष्ट. आकडा खोटा नव्हता. सभागृहात प्रत्येकाची हजेरी लागली होती. दोन तास पडद्यावर चित्रे सरकली, चहा झाला आणि सगळे प्रशिक्षित झाले.

महिन्याभरात, निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या एका वरिष्ठ लिपिकाने एका फाइलवरची टिप्पणी चुकून दुसऱ्याच फाइलवर चढवली. पिवळी टिप्पणी म्हणजे मसुदा, ती बदलता येते. हिरवी करून फाइल पुढे पाठवली की पुसता येत नाही. हा भेद सभागृहात सांगितला गेला होता, पण तो हाताला कळलेला नव्हता. कागदावर तीस वर्षे निर्दोष लिहिणारा हा गृहस्थ इतका धास्तावला, की पुढे तो प्रत्येक फाइल छापून घेई, पेन्सिलीने टिप्पणी लिही आणि कंत्राटी डेटा एन्ट्रीचा मुलगा ती त्याच्या नावाने चढवी. पासवर्ड मुलाच्या वहीत. मासिक तक्त्यात मात्र आम्ही कागदविरहित!

उद्या त्या टिप्पणीवरून चौकशी झाली, तर उत्तरदायी कोण?

२०२० साली मंत्रिमंडळाने मिशन कर्मयोगीला मंजुरी दिल्यापासून ऑनलाइन अभ्यासक्रमांचा ओघ वाढला आहे. रजेचे नियम किंवा माहिती अधिकार शिकण्यास ते उत्तम. विसरले तर पुन्हा पाहता येते. परंतु संगणक प्रणाली हाताळणे हे ज्ञान नव्हे, सवय आहे. (आवाज बंद ठेवून चित्रफीत चालवण्याची सवय मात्र अनेकांना लवकर लागते.)

केनेथ अ‍ॅरो यांनी १९६२ च्या निबंधात विमानांच्या सांगाड्यांचे उदाहरण दिले होते: जितके सांगाडे अधिक बांधून होतात, तितके पुढच्या सांगाड्याला लागणारे श्रमतास कमी होतात. माणूस करत करत शिकतो. आमची अडचण एवढीच, की आमचा पहिला सांगाडा म्हणजे कुणाच्या तरी निवृत्तिवेतनाची खरी फाइल असते. म्हणून आधी सरावाची प्रत हवी, लुटुपुटूच्या फाइलींची, जिथे हिरवी टिप्पणी चुकली तरी कुणाला ज्ञापन मिळणार नाही. आणि प्रत्येक शाखेतला एक जाणता कर्मचारी तीन आठवडे इतर कामातून मोकळा करून शेजारच्या खुर्चीत बसवावा. प्रश्न बहुधा खालच्या आवाजात विचारले जातात. सभागृहात साहेबांसमोर ते कुणी विचारत नाही.

‘माणसे आहेत कुठे?’ हा आक्षेप मला ठाऊक आहे. मीही तो घेत असे. पण त्या कंत्राटी मुलाचे वेतन आपण दरमहा देतोच आहोत, आणि तीन आठवडे केव्हाच उलटून गेले.

पुढील परिपत्रकात हजेरीचा रकाना काढून टाकावा. किती जणांनी स्वतःच्या पासवर्डने, स्वतःच्या हाताने फाइल उघडून, टिप्पणी लिहून पुढे पाठवली, एवढेच विचारावे. तो आकडा शंभर नसेल. माझ्या कार्यालयाचा तर नक्कीच नसता.