सुवर्ण तास आणि सरकारी घड्याळ

3 जून 2014 च्या सकाळी नवी दिल्लीत विमानतळाकडे निघालेल्या गोपीनाथ मुंडे यांच्या मोटारीला दुसऱ्या मोटारीची धडक बसली. केंद्रीय मंत्रिपदाची शपथ घेऊन त्यांना जेमतेम आठ दिवस झाले होते. ‘एम्स’चे ट्रॉमा सेंटर अपघातस्थळापासून काही मिनिटांच्या अंतरावर. तेथे त्यांना तातडीने नेण्यात आले, डॉक्टरांनी शर्थ केली. परंतु शरीरांतर्गत जखमा इतक्या गंभीर होत्या की त्यांचे प्राण वाचू शकले नाहीत. महाराष्ट्राने एक लोकनेता गमावला आणि राजधानीत काही दिवस रस्ते सुरक्षेखेरीज दुसरा विषय उरला नाही. रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी लगोलग नव्या कायद्याची घोषणा केली.

त्या घोषणेचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी मांडण्यात आलेल्या रस्ते वाहतूक व सुरक्षा विधेयकाच्या मसुद्याला वाहतूकदारांच्या संघटनांनी विरोध केला, राज्यांना आपले अधिकार जाण्याची धास्ती वाटली आणि तो मसुदा मागे पडला. त्याऐवजी 2016 मध्ये मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक आले. ते लोकसभेत संमत झाले, राज्यसभेत अडकले आणि लोकसभेच्या मुदतीबरोबर संपले. अखेर 2019 च्या जुलैमध्ये ते नव्याने दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. दंडाच्या वाढीव रकमांवर तेव्हा देशभर वादंग माजला. राज्याराज्यांनी त्या रकमा कमी करण्याची अहमहमिका लावली. त्याच कायद्यातील कलम 162 कडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. अपघातानंतरच्या पहिल्या तासात, म्हणजे ‘सुवर्ण तासात’, जखमीवर रोख पैसे न मागता उपचार व्हावेत यासाठी केंद्राने योजना करावी, असे ते कलम सांगते. ते 1 एप्रिल 2022 रोजी अमलात आले. योजना मात्र आली नाही.

ती आली 5 मे 2025 रोजी, आणि तीही सरकारला आपणहून जाग आली म्हणून नव्हे. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 14 मार्चपर्यंत योजना तयार करण्याचा आदेश दिला. ती तारीख उलटली, तेव्हा खात्याच्या सचिवांना न्यायालयापुढे पाचारण करण्यात आले आणि महामार्ग बांधता पण त्यावर जखमी होणाऱ्यांची सोय करत नाही, अशा शब्दांत कानउघाडणी झाली. त्यानंतर काही दिवसांतच अधिसूचना निघाली. देशाची संसद जो कायदा करते, त्यातील एका तासाची तरतूद अमलात आणायला तीन वर्षे आणि न्यायालयाचा बडगा लागतो, ही गोष्ट सामान्य नाही.

वास्तविक, जखमीला दारातून परत पाठवता येणार नाही, हे या देशात 1989 पासून निर्विवाद आहे. एका स्कूटरस्वाराला भरधाव मोटारीने उडवले. एका भल्या माणसाने त्याला जवळच्या रुग्णालयात नेले. पोलिसी प्रकरणे आमच्याकडे घेतली जात नाहीत, असे सांगून त्यांनी वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयाकडे बोट दाखवले आणि वाटेतच त्या जखमीचा मृत्यू झाला. वृत्तपत्रातील ही बातमी घेऊन परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरवर जीव वाचवण्याचे बंधन आहे आणि कोणताही कायदा वा पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाही, असा निकाल त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये लागला. 1994 च्या दुरुस्तीने हेच तत्त्व मोटार वाहन कायद्यात आले. 2006 मध्ये विधी आयोगाने आपल्या 201 व्या अहवालात राज्यांसाठी आदर्श कायद्याचा मसुदाच तयार करून दिला. 30 मार्च 2016 रोजी, ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’च्या याचिकेवर, जखमीला मदत करणाऱ्यास पोलिसांनी वा रुग्णालयाने अडवून ठेवू नये, हेही सर्वोच्च न्यायालयाने बंधनकारक केले.

आणि त्या आदेशानंतर पाचच महिन्यांत, ऑगस्ट 2016 मध्ये, पश्चिम दिल्लीतील सुभाषनगरात पहाटे कामावरून परतणाऱ्या एका सुरक्षारक्षकाला टेम्पोने धडक दिली. चालक खाली उतरला, आपल्या गाडीला काही झाले आहे का हे त्याने पाहिले आणि तो निघून गेला. जखमी माणूस तासाहून अधिक काळ रस्त्याकडेला पडून होता. कॅमेऱ्यात दिसते ते असे की लोक जात-येत राहिले. एकजण जवळ आला, पण तो मोबाइल उचलून नेण्यासाठी. राजधानीत, दिवस उजाडताना, माणसांच्या वर्दळीत तो मनुष्य गेला. त्याच्यासाठी कोणी विधेयकाची घोषणा केली नाही.

दिल्लीकरांच्या संवेदनशून्यतेवर त्यावेळी पुष्कळ लिहिले गेले. ते खोटे नव्हते, पण सोयीचे होते. मदत करणाऱ्याच्या मनात पोलीस ठाण्याच्या खेपांची भीती असते आणि रुग्णालयाच्या खिडकीपाशी ‘तुम्ही कोण लागता, आगाऊ रक्कम कोण भरणार’ हा प्रश्न त्याची वाट पाहत असतो, हे ज्यांनी एकदा तरी असा जखमी उचलला आहे त्यांना ठाऊक आहे. रुग्णालयांनाही केवळ दोष देऊन भागत नाही. बेशुद्ध, अनोळखी जखमीचे देयक कोणीच भरत नाही आणि डॉक्टरला पुढे अनेक वर्षे साक्षीसाठी न्यायालयात हेलपाटे घालावे लागतात. मग जखमेवर पट्टी बांधून ‘सिव्हिलला न्या’ असे सांगणे हा सर्वांत सोपा मार्ग ठरतो. न्यायालयाने कर्तव्य सांगितले. त्या कर्तव्याचा खर्च कोणी उचलायचा, हे 1989 मध्ये ठरले नाही, 1994 मध्ये ठरले नाही, 2016 मध्येही नाही. छत्तीस वर्षे हक्क होता. अडले होते ते पैशापाशी.

2025 च्या अधिसूचनेचे महत्त्व येथेच आहे. दर जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंत, अपघातापासून सात दिवसांपर्यंत, रोख न मागता उपचार, कोणत्याही प्रकारच्या रस्त्यावर आणि जखमी कोणीही असो. धडक देणाऱ्या वाहनाचा विमा असेल तर खर्च विमा कंपन्यांच्या वर्गणीतून. विमा नसेल वा वाहन पळून गेले असेल तर सरकारी तरतुदीतून. ही विभागणी कागदावर सुबक आहे. परंतु देशातील जवळपास निम्म्या वाहनांना, त्यांतही मुख्यतः दुचाकींना, सक्तीचा त्रयस्थ विमाच नसतो. तेव्हा सरकारी तरतुदीची बाजू ही अपवादाची बाजू नाही, तीच योजनेचा कणा ठरणार आहे आणि दर अर्थसंकल्पात तिची तपासणी व्हायला हवी.

यापेक्षा मोठी शंका प्रवेशद्वाराविषयी आहे. योजना राबवायची ती राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने, राज्यांच्या आरोग्य यंत्रणांच्या साहाय्याने. रुग्णालये यादीत आलेली असावीत, यादीबाहेरच्या रुग्णालयात फक्त प्रकृती स्थिर करण्यापुरते उपचार. आणि हा खरोखर रस्ते अपघातच आहे, याची खातरजमा पोलिसांनी ठरावीक मुदतीत संगणकीय प्रणालीवर करायची. गैरव्यवहार रोखायला अशी तपासणी हवी, हे मान्य. पण ज्या पोलिसी सोपस्काराला 1989 च्या निकालाने उपचाराच्या वाटेतून दूर केले, तो आता देयकाच्या वाटेवर येऊन बसला आहे. पोलिसाने होकार कळवण्यात दिरंगाई केली तर पैसे अडतील, आणि पैसे दोनदा अडले की तिसऱ्या जखमीला तेच रुग्णालय पुन्हा ‘सिव्हिलला न्या’ म्हणेल. पोलीस राज्याचे, आरोग्य राज्याचे, महामार्ग व निधी केंद्राचे. या तिघांत एकाचेही घड्याळ मागे पडले की जखमीचा तास निघून जातो. पहिल्या काही तासांतील उपचारांचा खर्च तरी पोलिसांच्या होकारावर अवलंबून न ठेवता, बिनशर्त फेडला पाहिजे. त्यात काही लबाडी होईल. ती पुढे वसूल करता येते.

ही भीती काल्पनिक नाही, कारण दिल्लीनेच ती अनुभवली आहे. अपघातग्रस्तांवर खासगी रुग्णालयातही मोफत उपचार करणारी दिल्ली सरकारची ‘फरिश्ते’ योजना चांगली होती. पण नायब राज्यपाल आणि निवडून आलेले सरकार यांच्यातील झगड्यात तीही सापडली. रुग्णालयांची देयके थकली म्हणून 2023 मध्ये राज्य सरकारलाच सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. केंद्रानेही 2013 मध्ये गुडगाव-जयपूर महामार्गावर पहिल्या 48 तासांसाठी 30 हजार रुपयांपर्यंत मोफत उपचारांचा प्रयोग केला होता. प्रयोग झाला, आणि देशव्यापी योजनेला आणखी बारा वर्षे लागली. तामिळनाडूने मात्र डिसेंबर 2021 मध्ये, केंद्राची वाट न पाहता, पहिल्या 48 तासांसाठी एक लाख रुपयांपर्यंतची योजना सर्वांसाठी, परराज्यातील जखमींसाठीही, सुरू केली. राज्याची इच्छा असेल तर कलम 162 वाचून अडण्याचे कारण नसते.

अर्थात पैसे मिळाले म्हणून मेंदूशल्यविशारद मिळतो असे नाही. महामार्गालगतच्या तालुक्यात पहाटे तीन वाजता सीटी स्कॅन करणारा तंत्रज्ञ, रक्त, भूलतज्ज्ञ यांतले काय आहे, हे दीड लाखांच्या मर्यादेने ठरत नाही. राष्ट्रीय महामार्ग हे देशातील एकूण रस्त्यांच्या अवघे दोन टक्के आहेत आणि त्यांवर रस्ते अपघातांतील एकतृतीयांशाहून अधिक मृत्यू होतात. दर वर्षी किती किलोमीटर बांधले याचा आकडा खाते अभिमानाने सांगते. त्याच किलोमीटरांवर किती अंतराने किती क्षमतेचे रुग्णालय आहे, याचा आकडा सांगण्याची प्रथा अजून पडलेली नाही.

2023 मध्ये रस्ते अपघातांत 1 लाख 72 हजारांहून अधिक माणसे मरण पावली, म्हणजे दररोज सुमारे 470. यांतील बहुतेक दुचाकीस्वार आणि पादचारी. त्यांची जात एक नाही, प्रांत एक नाही, संघटना नाही. त्यांच्या नावाने मोर्चा निघत नाही. वाहतूकदारांच्या संघटना संप पुकारून विधेयक रोखू शकतात. जखमींची संघटना असूच शकत नाही. म्हणून हा प्रश्न पुन्हा पुन्हा न्यायालयातच जातो.

तरीही लोकप्रतिनिधींना एक जागा उपलब्ध आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत खासदारांच्या अध्यक्षतेखाली रस्ते सुरक्षा समित्या नेमण्याची व्यवस्था केंद्राने केलेली आहे. या समित्यांच्या बैठकांत आजवर गतिरोधक आणि फलकांची चर्चा झाली असेल. पुढील बैठकीत खासदारांनी जिल्हाधिकाऱ्यांना आणि पोलीस अधीक्षकांना तीन आकडे विचारावेत: आपल्या जिल्ह्यात योजनेच्या यादीत किती रुग्णालये आहेत, त्यांपैकी किती महामार्गालगत आहेत, आणि पोलिसांचा होकार न आल्याने किती देयके पडून आहेत. महाराष्ट्राचे 48 खासदार लोकसभेत आहेत. राज्यातील सर्व जिल्ह्यांतले उत्तर एकाच अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर येऊ शकते.