स्त्रियांचा कर्करोग: पहिली शस्त्रक्रिया कोणाच्या हाती?

भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल गर्भाशयमुखाचा कर्करोग आढळतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार 2022 साली देशात त्याचे सुमारे 1 लाख 27 हजार नवे रुग्ण होते. जवळजवळ 80 हजार स्त्रिया त्याने दगावल्या. लस आणि औषधे यांची चर्चा पुष्कळ होते. परंतु हा रोग हाताळण्याचे रीतसर शिक्षण किती डॉक्टरांना मिळते, हा प्रश्न मागेच राहतो.

स्त्रीरोगतज्ज्ञ गर्भपिशवी काढण्यात तरबेज असतात. कर्करोगाची शस्त्रक्रिया मात्र निराळी असते. गर्भाशयमुखाच्या आजूबाजूचा भाग आणि लसिकाग्रंथी काढाव्या लागतात, मूत्रनलिका जपाव्या लागतात. शस्त्रक्रिया टाळून थेट किरणोपचार केव्हा द्यावेत, हेही ओळखावे लागते. आपल्याकडे अंगावरून रक्त जाते म्हणून, तुकडा न तपासताच, गर्भपिशवी काढली जाण्याचे प्रकार घडतात. कर्करोगाचे निदान नंतर प्रयोगशाळेच्या अहवालातून होते. मग अपुऱ्या शस्त्रक्रियेची भरपाई पुढील उपचारांनी करावी लागते आणि त्याची झळ त्या स्त्रीला सोसावी लागते.

अमेरिकेत या विषयाच्या तज्ज्ञांची संघटना 1969 साली स्थापन झाली आणि त्यानंतर काही वर्षांतच त्यास स्वतंत्र शाखेची मान्यता मिळाली. भारतातही पदव्युत्तर शिक्षणानंतर तीन वर्षांचा एम.सीएच. अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे. परंतु तो शिकविणाऱ्या संस्था मोजक्या असून बहुतांशी मोठ्या शहरांत आहेत. ग्रामीण स्त्रीला या मान्यतेचा लाभ कसा पोहोचणार?

केवळ पदव्या वाढवून हे साधणार नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास टाटा स्मारक रुग्णालयाने केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ॲसिटिक आम्ल लावून केलेल्या साध्या तपासणीमुळे या रोगाचे मृत्यू सुमारे 31 टक्क्यांनी घटले, असा निष्कर्ष 2014 साली प्रसिद्ध झाला. म्हणजे गावपातळीवर तपासणी, जिल्हा रुग्णालयात अचूक निदान आणि अवघड शस्त्रक्रियेसाठी अतिविशेषज्ञ, अशी साखळी हवी. तिच्या प्रत्येक कडीला प्रशिक्षण आवश्यक आहे.

तोवर कुटुंबीयांनी एवढी दक्षता घ्यावी: गर्भपिशवी काढण्याचा सल्ला मिळाल्यास, कर्करोग नाही याची खात्री कोणत्या तपासणीने केली, हे डॉक्टरांना आधी विचारावे. कर्करोगाचा संशय असल्यास या विषयाच्या तज्ज्ञाचे मत घेतल्यावाचून शस्त्रक्रियेस संमती देऊ नये.