सिंहाच्या कारखान्यातली माणसं

आमच्या सोमेश्वरनगरला हॉलिवूड आलं ते टॉम आणि जेरीच्या मागोमाग. १९९५ साली कार्टून नेटवर्क भारतात सुरू झालं तेव्हा ते चोवीस तासांचं नव्हतं. दिवसा कार्टून आणि रात्री त्याच चॅनेलवर टीएनटी. साखर कारखान्याच्या कॉलनीत केबलच्या तारा नुकत्याच खांबाखांबांवरून फिरल्या होत्या. मांजर-उंदराची मारामारी संपायची, पोरांची ताटं वाढली जायची आणि पडद्यावर तो एमजीएम स्टुडिओचा सिंह डरकाळी फोडायचा. मग कृष्णधवल माणसं भराभर इंग्रजी बोलायला लागत. बहुतेक घरांत तेवढ्यात बटण दाबलं जाई. आमच्याकडे दाबलं जात नसे, आणि त्याचा रसिकतेशी काही संबंध नव्हता. आप्पा पॅनहाउसमधली पाळी उरकून आलेले असत. टीव्हीसमोर त्यांना डुलकी लागली की आवाज किंवा चॅनेल बदलायची कुणाची टाप नव्हती. बदललं की ते हमखास जागे होत.

यामागचा हिशेब पुढे कळला. टेड टर्नर नावाच्या अमेरिकन केबलवाल्याने १९८६ मध्ये एमजीएमच्या जुन्या चित्रपटांचा साठाच विकत घेतला होता. टॉम आणि जेरीही मूळचे एमजीएमचेच, १९४० सालचे. म्हणजे मांजर, उंदीर, ग्रेटा गार्बो आणि क्लार्क गेबल एकाच गोदामातला माल. टर्नरने तो जगभर विकला आणि नीरा डाव्या कालव्याच्या काठावरच्या आमच्या चाळीपर्यंत तो पोचला.

भाषा समजत नव्हती, त्यामुळे मी चेहरेच पाठ केले. कोण मालक, कोण नोकर, कोण कुणावर मरतोय, हे पाच मिनिटांत कळायचं. जुन्या चित्रपटांची ही खुबी मला अजून मोलाची वाटते. दिग्दर्शकाने माणूस नीट उजेडात उभा केलेला असतो.

एका रात्री ‘सिंगिंग इन द रेन’ लागला होता. जीन केली पावसात छत्री मिटून नाचत होता, पन्हाळीखाली डोकं धरत होता, डबक्यांत उड्या मारत होता. आप्पांनी एक डोळा उघडला, थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, “ह्याला पगार किती असंल रं?”

हा प्रश्न मला सिनेमावरच्या पुष्कळ भारी भारी प्रश्नांपेक्षा बरा वाटतो. कारण केली खरोखरच पगारी माणूस होता. ते गाणं चित्रित झालं तेव्हा त्याच्या अंगात १०३ ताप होता. रस्त्यावरची डबकी आपोआप साचलेली नव्हती. त्याचा पाय नेमका कुठे पडणार हे बघून जमिनीत तेवढे खड्डे खणलेले होते. त्याच चित्रपटात एकोणीस वर्षांची डेबी रेनॉल्ड्स आहे. तिला नाच येत नव्हता. सरावात केली तिला फाडून खायचा, म्हणून ती पियानोखाली बसून रडत होती. फ्रेड अॅस्टेअर तिथून जाताना त्याला ती दिसली आणि त्याने तिला आपला सराव बघायला बोलावलं. घामाघूम होऊन तोही वैतागतो, हे तिने जवळून पाहिलं. ‘गुड मॉर्निंग’ या गाण्याचं काम सकाळी लागलं ते रात्री अकरापर्यंत चाललं, आणि शेवटी तिच्या पायांतून रक्त आलं. पडद्यावर त्या गाण्यातले तिघं सोफा ओलांडून हसत हसत जातात. मी तो सोफा ओलांडतानाचा प्रसंग पुन्हा पुन्हा बघतो आणि तिच्या चेहऱ्यावर दमणूक शोधतो. सापडत नाही.

कारखान्याच्या आवारात वाढलेल्या माणसाला एमजीएम समजावून सांगावं लागत नाही. कल्व्हर सिटीतल्या त्या आवारात स्वतःचे पहारेकरी होते, दवाखाना होता, बालकलाकारांसाठी शाळा होती आणि कॅन्टीन होतं. लुई बी. मेयर या स्टुडिओप्रमुखाच्या हुकमाने तिथे कोंबडीचं सूप मिळे, त्याच्या आईच्या पद्धतीचं. इकडे भोंगा, वसाहत, शाळा, पतपेढी आणि चेअरमन. तिकडे तोच थाट. एक फरक मात्र मोठा. आपल्याकडे निदान कागदोपत्री सभासद मालक असतो आणि वार्षिक सभेत उठून माईक ओढू शकतो. मेयरपुढे माईक ओढायची सोय नव्हती.

तारे सात-सात वर्षांच्या कराराने बांधलेले असत. भूमिका नाकारली की बिनपगारी घरी बसायचं, आणि ते घरी बसलेले दिवस कराराच्या शेवटी वाढवून मोजले जायचे. एवढंच नव्हे, स्टुडिओ त्यांना एकमेकांना उसने देत. शेजाऱ्याकडून जास्त भाडं घ्यायचं, नटाला ठरलेला पगार द्यायचा आणि मधला फरक तिजोरीत. एमजीएमने गेबलला असाच कोलंबिया नावाच्या त्या वेळच्या किरकोळ स्टुडिओला दिला. तिथे झाला ‘इट हॅपन्ड वन नाइट’, १९३४ चा. गेबलला त्यावर ऑस्कर मिळालं. पळालेली श्रीमंत मुलगी आणि बसमधला वार्ताहर ही गोष्ट आपण राज कपूर-नर्गिसच्या ‘चोरी चोरी’त पाहिलेलीच आहे.

महिना पगारावर कलावंत ठेवायची पद्धत आपल्याकडेही होती. प्रभात १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली ती असाच संसार घेऊन. पण प्रभातवर आपण लिहितो तेव्हा कारागिरांबद्दल लिहितो, आणि हॉलिवूडवर लिहितो तेव्हा झगमगाटाबद्दल. सुवर्णयुग वगैरे शब्द मला तिथे खुपतात. ज्यूडी गारलंडला एमजीएमने तेराव्या वर्षी करारबद्ध केलं. वजन वाढू नये म्हणून गोळ्या, जागं राहायला गोळ्या, झोपायला गोळ्या. ‘विझर्ड ऑफ ऑझ’मध्ये सोळा वर्षांची ती पोर इंद्रधनुष्याचं गाणं म्हणते तेव्हा जगात कुणाचाही गळा दाटतो. सत्तेचाळिसाव्या वर्षी ती गेली, गोळ्यांनीच. मेयर त्या काळी अमेरिकेत सर्वाधिक पगार घेणाऱ्यांपैकी होता.

(चॅप्लिनचं काय, असं कुणी विचारेल. चॅप्लिन मला जिवापाड आवडतो, पण तो बागायतदार. स्वतःचा स्टुडिओ, स्वतःचा पैसा, मनासारखं होईपर्यंत शूटिंग. त्याला या हजेरीपटावर कसं घेणार?)

मर्ल ओबेरॉनला मात्र घ्यावंच लागेल. ती आपल्या मुंबईत १९११ साली जन्मली. ‘द डार्क एंजल’साठी तिला ऑस्करचं नामांकन होतं आणि ‘वुदरिंग हाइट्स’मध्ये ती लॉरेन्स ऑलिव्हिएसमोर उभी आहे. पण गोऱ्या नायिकेचं काम मिळवायचं तर मुंबई पुसावी लागणार होती. मग आपण टास्मानियाच्या, असं ती सांगत राहिली. अपघातानंतर तिच्या चेहऱ्यावरचे व्रण दिसू नयेत म्हणून कॅमेरामन ल्युसिअन बॅलर्डने एक खास दिवाच तयार केला. ‘ओबी’ नावाने तो तिच्यानंतरही वापरात राहिला. म्हातारपणी टास्मानियाच्या होबार्टमध्ये तिच्या सन्मानार्थ कार्यक्रम ठेवला. जिथे आपण जन्मलोच नाही तिथे हार घालून घ्यायची वेळ तिच्यावर आली. मुंबईने तिला हार घातल्याचं मी कुठे वाचलेलं नाही.

आता माझ्या लाडक्या बाईकडे येतो. ऑलिव्हिया डी हॅविलंड. ‘रॉबिन हूड’मधली मॅरियन आणि ‘गॉन विथ द विंड’मधली सोशिक मेलनी. वॉर्नर ब्रदर्सने तिला वर्षानुवर्षं अशा गोड मुलीच करायला लावल्या. नाही म्हणाली की घरी बसवायचे. १९४३ मध्ये करार संपला, तर वॉर्नरने सांगितलं, घरी बसलेले सहा महिने भरून द्या. मेलनीने कोर्ट गाठलं. तिच्याआधी बेटी डेव्हिससारखी वाघीण वॉर्नरविरुद्ध लंडनच्या कोर्टात हरली होती. डी हॅविलंड जिंकली. सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं, असा १९४४ मध्ये कॅलिफोर्नियात निकाल लागला. तो आजही तिच्याच नावाने ओळखला जातो. निकाल लागेपर्यंत तिला कुणी काम देत नव्हतं. नंतर मिळालं, आणि दोन ऑस्करही मिळाली. त्यातला ‘द एअरेस’ जरूर बघा. शेवटी ती हातात दिवा घेऊन जिना चढते, आणि खाली दार वाजत असतं.

आप्पांना मी ही केस सांगितली होती. ते म्हणाले, “युनियन नव्हती का?” होती की, नटांची युनियन १९३३ पासून होती. पण खटला बाईने स्वतः लढला.

पुढे वयाच्या एकशे एकाव्या वर्षी, २०१७ मध्ये, तिने पुन्हा दावा ठोकला. एका मालिकेत आपल्याला न विचारता आपलं पात्र दाखवलं, म्हणून. त्या वेळी मात्र हरली. २०२० मध्ये पॅरिसमध्ये वारली, तेव्हा एकशे चार वर्षांची होती. तिची धाकटी बहीण जोन फाँटेन, तीही ऑस्करवाली. दोघींची भावकी आपल्या बांधावरच्या भांडणांना लाजवील अशी. १९४२ च्या समारंभात दोघी एकाच यादीत होत्या आणि बाहुली धाकटीने नेली. ते प्रकरण मोठं आहे, पुढच्या आठवड्यात सांगतो.