नोस्फेराटूचा किल्ला ते परभणीची गढी: पडक्या वास्तूंची भीती नेमकी येते कुठून?

डोंगरावरचा एकाकी किल्ला, आपोआप उघडणारा दरवाजा आणि फक्त रात्री दिसणारा मालक. 1922 मध्ये जर्मनीत 'नोस्फेराटू' हा मूकपट आला, तेव्हापासून भयपटांमधलं हे चित्र फारसं बदललेलं नाही. 2024 मध्ये रॉबर्ट एगर्सने तो नव्याने बनवला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'तुंबाड' पुन्हा थिएटरमध्ये आला आणि 2018 पेक्षा जास्त कमाई करून गेला. एकात किल्ला, दुसऱ्यात वाडा. परभणी जिल्ह्यात याच जागी गढी उभी असते.

भयपटात किल्लाच का?

'नोस्फेराटू' ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून परवानगी न घेता बनवला होता. स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि 1925 मध्ये कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही प्रती वाचल्या, म्हणून तो आजही बघता येतो.

त्यात किल्ल्याच्या मालकाचं नाव काढताच खानावळीतले लोक गप्प होतात. हा मालक नुसतं भूत नाही, तो सरदार आहे. भीती दगडी भिंतींची नसते, आत बसलेल्या सत्तेची असते.

मग गढीचं काय?

परभणीसह मराठवाड्यातल्या अनेक गावांत पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आणि बुरूज असलेल्या गढ्या आहेत. तिथे देशमुख, पाटील, जहागीरदार राहायचे. गावाचा सारा, धान्य आणि न्यायनिवाडा यांची सूत्रं बऱ्याचदा तिथूनच हलायची. सामान्य माणूस आत जायचा तो मान खाली घालूनच.

17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपली. 1949 मध्ये जहागिरी रद्द झाल्या, 1950 मध्ये कुळकायदा आला. अनेक गढ्या ओस पडल्या, भिंती पावसाने ढासळल्या. घराच्या धाब्यावर टाकायला लोकांनी तिथलीच माती नेली. मालक गेला, पण गढीचा दरारा राहिला. त्याच्या जोडीला एक अफवा आली: आत सोनं पुरलेलं आहे.

इथे गोष्ट सिनेमाच्या बाहेर येते

'तुंबाड'मध्ये वाड्यातल्या सोन्याचा मोह पिढ्या गिळतो. प्रत्यक्षात गुप्तधनाच्या नावाने भोंदू पैसे उकळतात, रात्री खोदकाम होतं आणि अघोरी पूजा मांडल्या जातात. काही प्रकरणं नरबळीपर्यंत गेली आहेत. यात बळी जातो तो बहुतेकदा लहान मुलाचा किंवा कर्जात बुडालेल्या घराचा.

कायदा काय सांगतो?

ऑगस्ट 2013 मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. गुप्तधनाच्या शोधासाठी अमानुष, अघोरी कृत्य करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं, दंड 5 हजार ते 50 हजार रुपये. अशा प्रथांचा प्रचार-प्रसार करणंही या कायद्याच्या कक्षेत येतं. नरबळी दिला, तर खुनाचा गुन्हा वेगळा.

आणि सोनं खरंच सापडलं तर? 1878 चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लपवल्यास 1 वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे 'गुपचूप काढू आणि वाटून घेऊ' असं सांगणारा माणूस पहिल्याच वाक्यात गुन्ह्याचं आमंत्रण देत असतो.

रील शेअर करण्याआधी

पडक्या गढीचा व्हिडिओ, मागे भीतीदायक संगीत आणि 'इथे आजही खजिना आहे' अशी ओळ. बघणाऱ्याला ती करमणूक वाटते, भोंदूला मात्र आयतं गिऱ्हाईक मिळतं. भयपट बघा, भरपूर घाबरा. पण गावात कुणी खजिन्यासाठी पूजा मांडत असेल, तर व्हिडिओ काढत बसू नका, 112 वर फोन करा.