व्हिसा : सव्वाशे वर्षांचा संशय

मुंबईहून निघालेल्या 'कूरलँड' आणि 'नादेरी' या दोन आगबोटी डिसेंबर १८९६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या होत्या. दोन्हींवर मिळून आठशेच्या आसपास हिंदी उतारू होते. मुंबईत तेव्हा प्लेगची साथ होती, म्हणून बोटी विलगीकरणात ठेवल्या गेल्या. मुदत संपली, ती वाढवली; मग पुन्हा वाढवली. खरे कारण किनाऱ्यावर होते. हिंदी माणसांना उतरू द्यायचे नाही, असा निर्धार करून नाताळ वसाहतीतले गोरे रहिवासी सभा भरवत होते. उतारूंमध्ये बायकामुलांसह परतणारे बॅरिस्टर मोहनदास गांधी होते. १३ जानेवारी १८९७ ला उतरायची परवानगी मिळाली आणि त्याच दिवशी डर्बनच्या रस्त्यात जमावाने गांधींना मारहाण केली. पोलीस अधीक्षक अलेक्झांडर यांच्या पत्नी मध्ये पडल्या म्हणून ते वाचले.

ही हकीकत आपण गांधीचरित्रात वाचतो आणि पुढे जातो. पण त्या दिवशी बंदरावर आणखी एक गोष्ट घडली. नाताळ सरकारचे हॅरी एस्कोम्ब यांनी जमावाला घरी जायला सांगितले, ते कायदा करण्याचे आश्वासन देऊन. आश्वासन पाळले गेले. १८९७ च्या त्या कायद्यात 'हिंदी', 'आशियाई', 'काळा' यातला एकही शब्द नव्हता. येणाऱ्याला युरोपातल्या एखाद्या भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे, ही मुख्य अट होती. अट सर्वांना सारखी. कोणाला लावायची ते बंदरावरचा अधिकारी ठरवणार.

आजच्या व्हिसाचा खरा पूर्वज हा कायदा आहे, असे मला वाटते. व्हिसा सुरक्षेसाठी जन्माला आला, हे आपण गृहीत धरून चालतो. सुरक्षेचे कारण नंतर चिकटले. आधी होता तो प्रश्न वेगळा : ब्रिटिश साम्राज्याच्या एका प्रजाजनाला त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या भागात जाण्यापासून अडवायचे कसे, आणि तेही त्याच्या वंशाचे नाव न घेता? १८५८ च्या जाहीरनाम्यात व्हिक्टोरिया राणीने हिंदी प्रजेला समान वागणुकीचे वचन दिले होते. ते उघडपणे मोडणे लंडनला परवडणारे नव्हते. १८९७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली, त्या निमित्ताने वसाहतींचे पंतप्रधान लंडनमध्ये जमले, तेव्हा वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी त्यांना हेच सुचवले : तुमची अडचण समजते, पण रंगाचा उल्लेख टाळा, नाताळचा नमुना पाहा.

ऑस्ट्रेलियाने तो पाहिला. १९०१ च्या कायद्यानुसार अधिकारी येणाऱ्याला कोणत्याही युरोपीय भाषेतला ५० शब्दांचा उतारा सांगे आणि तो लिहून घेई. भाषा निवडायची अधिकाऱ्याने. इंग्रजी येत असेल तर दुसरी घ्यायची. १९३४ मध्ये एगॉन किश हा फॅसिस्टविरोधी लेखक तिथे पोहोचला. त्याला अनेक भाषा येत होत्या, म्हणून त्याची परीक्षा चक्क स्कॉटिश गेलिकमध्ये घेतली. तिथल्या उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, पण परीक्षेची पद्धत १९५८ पर्यंत टिकली.

कॅनडाने तर भाषेचाही आधार घेतला नाही. १९०८ च्या आदेशाने अट घातली, की जन्मदेशातून किंवा नागरिकत्वाच्या देशातून थेट, एका सलग प्रवासात आणि सलग तिकिटावरच यायचे. हिंदुस्थानातून कॅनडाला थेट जाणारी बोट नव्हतीच. शिवाय आशियाई उतारूच्या खिशात २०० डॉलर हवेत. १९१४ मध्ये गुरदित सिंग यांनी हाँगकाँगहून 'कोमागाटा मारू' ही जपानी बोट भाड्याने घेतली. ३७६ उतारू, बहुतेक पंजाबी शीख. २३ मे ला बोट व्हँकुव्हरला पोहोचली आणि दोन महिने तिथेच अडकून राहिली. अन्नपाण्याची ददात झाली. पूर्वीपासून कॅनडात राहणारे मोजके लोक तेवढे उतरू शकले. बाकीच्यांना २३ जुलैला युद्धनौकेच्या पहाऱ्यात परत पाठवले. कलकत्त्याजवळ बजबज येथे बोट लागली तेव्हा महायुद्ध सुरू झाले होते आणि इंग्रज सरकारने नवा अध्यादेश हातात घेतला होता. त्यानुसार हिंदुस्थानात परतणाऱ्या माणसालाही अडवता येत होते. पंजाबला जाणाऱ्या गाडीत सक्तीने बसवण्यावरून चकमक झाली, गोळीबार झाला आणि वीसेक माणसे मारली गेली. परक्या देशाने दार लावले म्हणून माघारी आलेला माणूस स्वतःच्या देशाच्या दारात मेला. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत याची माफी मागितली ती २०१६ मध्ये.

युरोपातला सुखवस्तू माणूस मात्र त्या काळात मोकळा हिंडत होता. १९१४ च्या आधी आपण पासपोर्टशिवाय हिंदुस्थान आणि अमेरिका पाहिली, असे लेखक स्टेफान झ्वाइगने आत्मकथनात लिहून ठेवले आहे. आपल्या आनंदीबाई जोशीही एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांना इकडे लोकनिंदेला तोंड द्यावे लागले, श्रीरामपूरच्या सभेत भाषण करून आपली बाजू मांडावी लागली. पण कोणत्याही वकिलातीच्या खिडकीपुढे उभे राहावे लागले नाही. त्या वेळी चिनी मजुरांना अमेरिकेने १८८२ च्या कायद्याने नुकतेच बंद केले होते. हिंदी माणसांची पाळी १९१७ मध्ये आली.

महायुद्धात बहुतेक देशांनी पासपोर्ट आणि व्हिसा सक्तीचे केले, तात्पुरते म्हणून. हेर, फरारी सैनिक, शत्रूचे नागरिक यांच्यावर नजर ठेवायची होती. युद्ध संपल्यावर ऑक्टोबर १९२० मध्ये राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद बोलावली. युद्धापूर्वीची मोकळीक परत यावी, असे तिथे म्हटले गेले. पण तेवढ्यापुरते म्हणून ३२ पानी पासपोर्टचा नमुना ठरवला गेला. तोच पुढे रूढ झाला. त्याच वर्षी हिंदुस्थानात पासपोर्टशिवाय प्रवेशबंदी करणारा कायदा आला. १९२० चा तो कायदा स्वातंत्र्यानंतरही चालत राहिला आणि रद्द झाला तो १ सप्टेंबर २०२५ ला.

व्हिसा केंद्रात आपण काचेवर दहा बोटे टेकवतो, त्याचाही इतिहास आपल्याशीच येऊन भिडतो. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याची पद्धत बंगालच्या पोलीस खात्यात आकाराला आली. १९०६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्याच ट्रान्सव्हाल सरकारने तिथल्या हिंदी लोकांवर दहाही बोटांचे ठसे देऊन नोंदणी करण्याची सक्ती आणली. ११ सप्टेंबरला जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात हिंदी लोकांनी हा कायदा न मानण्याची शपथ घेतली. सत्याग्रहाचा उगम तिथला. गुन्हेगारासारखे ठसे मागणे हा अपमान आहे, ही भावना तेव्हा तीव्र होती. १९०८ मध्ये हमीदिया मशिदीसमोर दोन हजारांहून अधिक नोंदणीपत्रे जाळली गेली. आज तेच ठसे आपण शुल्क भरून, वेळ घेऊन, रांगेत उभे राहून देतो. सवय झाली आहे, इतकेच.

दार उघडे राहिले की काय होते, तेही याच इतिहासात आहे. १९३८ मध्ये एव्हियाँच्या परिषदेत बत्तीस देशांनी ज्यू निर्वासितांबद्दल सहानुभूती दाखवली आणि बहुतेकांनी दारे बंदच ठेवली. त्याच दशकात युरोपातले काही निर्वासित मुंबईत पोहोचले. संगीतकार वॉल्टर कॉफमन मुंबईला आले ते इथला व्हिसा सहज मिळाला म्हणून. आकाशवाणीची परिचित सुरावट त्यांच्या नावावर सांगितली जाते. चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आणि समीक्षक रूडी फॉन लायडन यांनी मुंबईतल्या तरुण चित्रकारांच्या पाठीशी उभे राहून आधुनिक भारतीय चित्रकलेला बळ दिले. आणि कोल्हापूरजवळ वळिवडे! रशियातल्या छावण्यांतून सुटून इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात तिथे राहिले. बहुतेक बायका आणि मुले. त्यांची शाळा होती, चर्च होते, नाटके होत. ती मुले म्हातारी झाल्यावरही कोल्हापूरला येत राहिली.

स्वातंत्र्यानंतर कथा दोन अंगांनी पुढे गेली. ब्रिटनने १९६२ मध्ये राष्ट्रकुलातल्या नागरिकांवर बंधने घातली. १९६८ मध्ये केनियातल्या, ब्रिटिश पासपोर्ट बाळगणाऱ्या आशियाई लोकांना अडवण्यासाठी तीन दिवसांत कायदा संमत केला. त्यातही आशियाई हा शब्द नव्हता; आईवडील किंवा आजीआजोबा ब्रिटनशी जोडलेले असावेत, अशी अट होती. भारतीयांना साध्या भेटीसाठीही आगाऊ व्हिसा लागू लागला तो १९८६ पासून. नाताळची युक्ती अशी दर पिढीत नवा अंगरखा घालून येते.

दुसरे अंग आपल्या घरचे. १९६७ पर्यंत भारतीय नागरिकाला पासपोर्ट देणे न देणे ही सरकारची मर्जी होती. त्यासाठी कायदाच नव्हता. सतवंत सिंग साहनी या व्यापाऱ्याने दाद मागितली आणि सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने सांगितले, की परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. त्यातून त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. नकार द्यायचा तर ठराविक कारणांसाठीच, कारण लेखी नोंदवायचे, वरिष्ठांकडे अपील करता यावे. १९७८ मध्ये मनेका गांधी यांच्या पासपोर्टच्या खटल्यात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन म्हटले, की प्रक्रिया नुसती कायद्यात लिहिलेली असून भागत नाही, ती न्याय्य असली पाहिजे.

हा निकष पासपोर्टला लागतो, तर व्हिसाला का लागू नये? प्रत्येक देशाला आपल्याकडे कोण येते हे पाहण्याचा अधिकार आहे, हे मी नाकारत नाही. मुंबईकराला तर हे सांगायलाच नको. पण २६/११ च्या हल्ल्याआधी शहराची रेकी करून गेलेला डेव्हिड हेडली रीतसर भारतीय व्हिसा घेऊन आला होता. दाऊद गिलानी हे नाव बदलून घेतलेला अमेरिकी पासपोर्ट त्याच्या हातात होता आणि त्या पासपोर्टवर विश्वास टाकला गेला. देश पाहून माणसाची पारख करण्याची पद्धत निरपराधाला छळते आणि अपराध्याला सोडून देते.

आजचा नकार कसा दिसतो ते पाहा. पुण्यातले निवृत्त जोडपे मुलीच्या बाळंतपणासाठी युरोपात जायला निघते. सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट्स, निवृत्तिवेतनाचे कागद, विमा, मुलीचे निमंत्रण, जाण्यायेण्याचे आरक्षण. काही आठवड्यांनी छापील फॉर्म हाती येतो. त्यावर कारणांची यादी आणि एका चौकटीत खूण : मुदत संपण्यापूर्वी तुम्ही परत जाल याबद्दल वाजवी शंका आहे. शंका कशावरून आली, ते नाही. माणशी ९० युरो गेले ते गेले. २०२४ मध्ये भारतातून युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी सुमारे ११ लाख अर्ज झाले आणि दीड लाखाहून अधिक नाकारले गेले. तरी युरोपात अपिलाची सोय कायद्याने आहे. अमेरिकेत पर्यटकाने मुलाखतीत सिद्ध करायचे असते, की आपण तिथे राहून जाणार नाही. तोवर राहायलाच आलात असे कायदा धरून चालतो. १८५ डॉलर तिथेही परत मिळत नाहीत आणि अपील नाही.

याउलट नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. १९५० च्या करारानुसार दोन्हीकडचे लोक ये-जा करत आहेत. २०२३ च्या अखेरीस थायलंड आणि मलेशियाने भारतीयांना व्हिसा माफ केला. दोन्ही देशांना पाहुणे हवे होते आणि त्यांनी दार उघडले. मन असले की हे जमते.

परदेशांशी व्यापार करार करताना आपले सरकार कुशल कामगारांच्या व्हिसांवर घासाघीस करते. ते योग्यच आहे. पण नातवाला पाहायला जाणारी आजी, परिषदेला निघालेला संशोधक, भाचीच्या लग्नाला निघालेला मामा यांच्यासाठीही बोलायला हवे : नाकारण्याचे नेमके कारण लेखी मिळावे, नाकारल्यास शुल्काचा काही भाग परत मिळावा आणि दाद मागायला जागा असावी.

हे मागण्याचा अधिकार मात्र आधी आपण कमवला पाहिजे. १९२० चा कायदा रद्द करून आलेल्या २०२५ च्या नव्या कायद्यात विमानतळावरच्या इमिग्रेशन अधिकाऱ्याचा प्रवेशाबाबतचा निर्णय अंतिम आणि बंधनकारक ठरवला आहे. कागदपत्रे तपासून मिनिटाभरात परत पाठवलेल्या माणसाला वरच्या अधिकाऱ्याकडे जाण्याची वाट या तरतुदीने ठेवलेली नाही. ज्या देशाची माणसे डर्बनच्या आणि व्हँकुव्हरच्या बंदरात अडकली, त्या देशाच्या कायद्यात हे नसावे. संसदेने या तरतुदीत दुरुस्ती करून अपिलाची सोय करावी, आणि महाराष्ट्राच्या खासदारांनी ती मागणी पहिल्यांदा मांडावी.