लोणी काळभोरात शिडाची नौका का बांधू नये?

लोणी काळभोर म्हटले की पेट्रोलच्या टाक्या, टँकरांच्या रांगा आणि राज कपूरची एकेकाळची राजबाग एवढेच बहुतेकांना आठवते. त्या राजबागेत आज एक विद्यापीठ उभे आहे. त्याच्या आवारात व्यापारी जहाजांवरील अधिकारी घडविणारी ‘मॅनेट’ ही संस्था आहे, आणि त्याच आवारात वस्तूंची रचना शिकविणारी डिझाइन संस्थाही आहे. समुद्र येथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. शेजारून वाहणाऱ्या मुळा-मुठेचे पाणीसुद्धा कोकणात न उतरता भीमेला मिळते आणि पुढे कृष्णेच्या संगतीने बंगालच्या उपसागराला जाते. तरीही एका भिंतीआड समुद्र शिकविला जातो व दुसऱ्या भिंतीआड रचना, हा योग महाराष्ट्रात अन्यत्र सहसा जुळणारा नाही. या दोन विद्यांनी एकत्र येऊन पंचवीस-सव्वीस फुटांची, चार माणसांच्या कुटुंबाला घेऊन कोकण किनाऱ्याने हिंडू शकेल अशी शिडाची नौका सिद्ध करावी, अशी सूचना येथे करावयाची आहे. सूचना प्रथमदर्शनी चैनीची वाटेल. ती तशी का नाही, हे पाहण्यासाठी भीमेच्या प्रवाहाने थोडे खाली जावे लागेल.

२१ मे २०२४ रोजी उजनीच्या फुगवट्यात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांना जलसमाधी मिळाली. त्यांत लहान मुलेही होती. वळसा टाळावा म्हणून रोज माणसे जातात तसेच तेही निघाले होते. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट उलटून सहाशेहून अधिक माणसे बुडाली, ती आठवण कोकणातल्या घरांतून अजून पुसली गेलेली नाही. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर चौकशी होते, गर्दीला व वाऱ्याला दोष दिला जातो, जीवरक्षक जाकिटांची सक्ती जाहीर होते. ते सारे आवश्यकच आहे. परंतु बोट मुळात उलटते का आणि उलटू लागलेली बोट सावरते कशी, हा प्रश्न आपण विचारीत नाही. तो रचनाशास्त्राचा प्रश्न आहे, आणि त्याचे सर्वांत स्वच्छ उत्तर कुटुंबासाठी बांधलेल्या लहान शिडाच्या नौकेत सापडते.

सपाट तळाची उघडी होडी पाय ठेवताच फारशी कलत नाही. त्यामुळे ती भरवशाची वाटते. पण तिची स्थिरता रुंदीवर अवलंबून असते. एका मर्यादेपर्यंत ती कलण्याला विरोध करते. मर्यादा ओलांडली, काठावरून पाणी आत आले, की सारा विरोध एकदम संपतो. वजन घातलेल्या शिडाच्या नौकेचे नेमके उलटे असते. ती थोड्याशा वाऱ्यानेही कलते, नवख्याच्या छातीत धडकी भरते. परंतु तिच्या तळाखालच्या कण्यात शिसे किंवा बीड ओतलेले असते, आणि हे वजन नौकेच्या एकूण वजनाच्या एकतृतीयांशापासून दोनपंचमांशापर्यंत असू शकते. नौका जसजशी कलते तसतसे ते वजन बाजूला उचलले जाते आणि तिला परत उभी करू पाहते. तळात शिसे भरलेल्या डोलणाऱ्या बाहुलीची ही युक्ती. शिवाय नौका कलली की शिडावरून वारा निसटू लागतो व त्याचा जोर आपोआप घटतो. उत्तम रचनेची नौका पूर्ण आडवी झाली तरी उठते.

या शास्त्राची किंमत जगाने मोजलेली आहे. १९७९ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनजवळच्या ‘फास्टनेट’ शर्यतीत वादळाने पंधरा स्पर्धकांचा बळी घेतला. चोवीस नौका सोडून देण्यात आल्या. त्यांपैकी बुडाल्या फक्त पाच. बाकीच्या रिकाम्या नौका नंतर तरंगताना सापडल्या! वेगासाठी रुंद व हलक्या केलेल्या काही नौका उलट्या झाल्यावर तशाच राहू शकतात, हेही त्यानंतरच्या अभ्यासात पुढे आले. शर्यतीची नौका आणि कुटुंबाची नौका यांत हा भेद आहे. दुसरीला पहिला क्रमांक नको असतो. पाण्यावरील लांबी बावीस फूट असली तर अशा नौकेचा वेग फार तर सव्वासहा नॉट, म्हणजे ताशी साडेअकरा किलोमीटर. सायकलस्वार तिच्या पुढे जाईल.

मग परदेशातील एखादा आराखडा आणून तीच नौका येथे का बांधू नये? याचे उत्तर कोकणच्या खाड्यांत आहे. थंड, खोल बंदरांसाठी रेखलेल्या नौकेचा कणा पाच-सहा फूट पाण्यात उतरतो. आपल्या खाड्यांची मुखे गाळाने व वाळूच्या दांड्यांनी भरलेली. मुंबईकडे उधाणाला पाणी चार मीटरहून अधिक चढते आणि तितकेच उतरते. एककणी नौका ओहोटीत चिखलावर कुशीवर झोपेल आणि आतील कुटुंबही तिच्याबरोबर झोपेल. येथे आखूड असे दोन कणे हवेत, म्हणजे पाणी ओसरल्यावर नौका दोन पायांवर सरळ उभी राहील. किंवा वर ओढून घेता येणारा कणा हवा. तिकडच्या नौकांची कोठडी ऊब राखण्यासाठी बंदिस्त असते. एप्रिलमध्ये दाभोळच्या खाडीत अशा कोठडीत माणूस उकडून निघेल. आपल्याला छतावर झरोके हवेत, नाळेकडून आत येऊन मागे बाहेर पडणारा वारा हवा, आणि आडकाठीवरून ताणलेले सावलीचे कापड हवे. कलत्या नौकेतही भाताचे पातेले सरळ राहावे म्हणून शेगडी झुल्यावर टांगलेली हवी. मुलांसाठी काठाला जाळी, बसण्याच्या जागेत आलेले पाणी आपोआप बाहेर टाकणारी भोके, आणि एकट्या माणसाला, मग ती गृहिणी का असेना, जागेवरून आवरता येईल असे शीड.

वारा मात्र आपल्या बाजूचा आहे. सकाळचे मतलई वारे बाहेर नेतात आणि दुपारचे खारे वारे परत आणतात, हा धडा आपल्या शिक्षकांनी शाळेत पिढ्यान्‌पिढ्या शिकविला. तो पाठ केलेल्या किती विद्यार्थ्यांनी त्या वाऱ्यावर कधी शीड उभारले असेल? आरमाराचा गौरव केल्यावाचून आपले एकही भाषण पुरे होत नाही. घाटावरच्या मध्यमवर्गाचा समुद्राशी संबंध मात्र भेळ आणि छायाचित्रे यांपुरता उरला आहे.

हात आपल्याकडे आहेत, हे गोव्याने दाखवून दिले. दिवाडी बेटावरील गोदीत बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता. पुढे ‘तारिणी’तून नौदलाच्या सहा महिला अधिकारी जगाला वळसा घालून आल्या. परंतु छप्पन्न फुटांच्या या नौकांचा मूळ आराखडा हॉलंडचा. कारागिरी आपली आणि रेखाटन परक्याचे, ही उणीव भरून काढणे हे गोदीचे नव्हे, विद्यालयाचे काम आहे.

खर्चाचा आक्षेप खरा आहे. मुंबईच्या क्लबांतील नौका पाहून शिक्षकाने किंवा कारकुनाने मान फिरवावी, हे स्वाभाविकच. येथे एक जुने उदाहरण उपयोगी पडावे. १९६३ मध्ये ब्रिटनच्या ‘डेली मिरर’ या दैनिकाने एक लहान शिडाची होडी वाचकांपुढे ठेवली. प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवायचे आणि सांधे राळेने चिकटवायचे. सामान्य माणसाने घरच्या घरी बांधावी, अशीच तिची रचना. तिचे क्रमांक पुढे सत्तर हजारांवर गेले. होडी पावणेअकरा फुटांची होती, तीत झोपता येत नव्हते, हे मान्य. पण दहा कुटुंबांनी, एखाद्या पतपेढीने किंवा महाविद्यालयाने मिळून एक मोठी नौका बांधावी आणि आळीपाळीने वापरावी, यात अशक्य काय आहे? आराखडा तेवढा मराठीत, मापांसह व फुकट उपलब्ध हवा.

मुळा-मुठेत चाचणी घेता येणार नाही. तेथील मैलापाणी व जलपर्णी यांत शीड काय, बदकही चालणे कठीण. खडकवासल्याच्या पाण्यावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडे हाकतात, ते सामान्यांचे स्थान नव्हे. चाचणी उजनीवरच व्हावी. नौका पाण्यात सोडून डोलकाठीच्या टोकाला दोर बांधावा, काठी पाण्याला टेकेपर्यंत तिला मुद्दाम आडवी ओढावी आणि मग दोर सोडून द्यावा. त्या वेळी काठावर निमंत्रित म्हणून अधिकाऱ्यांच्या आधी कुगावचे आणि कळाशीचे नावाडी असावेत.